आतड्यातील आवणी

ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे भाताची आवणी करण्यापूर्वी चिखलणी होते. तण गाडले जाते आणि मगच राबातील रोपे लावली जातात. निरोगी माणसाची विष्ठा गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडणे, म्हणजेच मल-प्रत्यारोपण, हा उपचार समजून घेण्यास हा क्रम उपयोगी पडतो. नाव ऐकून नाक मुरडणे स्वाभाविक आहे, पण विषय जीवनमरणाचा आहे.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असावेत असा अंदाज असून, त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. त्यांच्या दाटीमुळे उपऱ्या जंतूला तिथे थारा मिळत नाही. अँटिबायोटिक्सने ही वस्ती विरळ झाली की क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसील नावाचा जिवाणू फोफावतो. यकृतातून येणाऱ्या पित्ताम्लांमुळे त्याचे बीजाणू रुजतात. निरोगी आतड्यातील काही जिवाणू याच आम्लांचे असे रूपांतर करतात की त्याची वाढ खुंटते. ते जिवाणूच नष्ट झाले, तर जुलाब, त्यावर पुन्हा अँटिबायोटिक आणि पुन्हा जुलाब, असे चक्र सुरू होते.

अमेरिकेत डेन्व्हर येथे बेन आयझमन यांनी १९५८ मध्ये आतड्याला गंभीर सूज आलेल्या चार रुग्णांना विष्ठेचा एनिमा देऊन बरे केल्याची नोंद आहे. निर्णायक पुरावा मात्र २०१३ मध्ये नेदरलँड्समधून आला. तेथील चाचणीत डिफिसीलचे जुलाब पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णांना आधी काही दिवस व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन, आतडी धुऊन काढून, नंतर नळीवाटे दात्याचा मल सोडण्यात आला. १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनने १३ पैकी ४, तर व्हँकोमायसिनसह आतडी धुऊनही १३ पैकी ३ जणच बरे झाले. नुसती चिखलणी पुरत नाही, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

इतर आजारांत आतड्यातील जागा अशी मोकळी नसते, आणि म्हणूनच की काय, निकालही इतके ठळक नाहीत. सडपातळ दात्यांचा मल दिल्यावर लठ्ठ पुरुषांमध्ये इन्सुलिनचा परिणाम सहा आठवड्यांनी सुधारलेला दिसला, पण तो टिकला नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या जुनाट आजारात, काही रुग्णांना गुण येतो; लुधियानात यावर काम झाले आहे. इम्युनोथेरपीला (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चेतवणाऱ्या उपचाराला) दाद न देणाऱ्या मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १० पैकी ३ रुग्णांनी प्रत्यारोपणानंतर तिला प्रतिसाद दिल्याचे इस्रायलमधील संशोधकांनी २०२१ मध्ये नोंदवले. प्रयोग लहान असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

धोकाही खरा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या दोन रुग्णांना दात्याच्या मलातून औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूची लागण झाली आणि त्यांतील एक दगावला. असे जिवाणू भारतात निरोगी माणसांच्या आतड्यातही सर्रास आढळतात. शिवाय मागील तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेला दाता सामान्यतः नाकारला जातो. साध्या सर्दी-तापालाही मेडिकलमधून चिठ्ठीविना गोळ्या घेण्याची सवय ठाण्यासारख्या शहरांत ज्या प्रमाणात आहे, ती पाहता अनेक इच्छुक दाते या एका अटीवरच गळतील.