बान्युल्स: अर्ध्यावर रोखलेली गोडी

गोड लाल वाइन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना गोव्याची पोर्ट आठवते. तशाच पठडीतली एक फ्रेंच वाइन म्हणजे बान्युल्स. चॉकलेटबरोबर घ्यायची वाइन म्हणून तिचं नाव आता दूरवर पोचलंय. पण ही जोडी का जमते, ते ती वाइन कुठे आणि कशी घडली हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पिरेनीजचे डोंगर जिथे थेट भूमध्य समुद्रात उतरतात, त्या फ्रान्स-स्पेन हद्दीवर बान्युल्स-सुर-मेर, कोलियूर, पोर-व्हाँद्र आणि सेर्बेर ही चार गावं आहेत. बान्युल्स हे नाव फक्त या चार गावांच्या शिवारातल्या वाइनलाच लावता येतं. हा रूसियाँचा मुलूख १६५९ च्या तहानं फ्रान्सकडे आला. तेराव्या शतकात तो मायोर्का बेटाच्या कातालान (आजच्या ईशान्य स्पेनमधली भाषा बोलणाऱ्या) राजांकडे होता आणि या वाइनची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आर्नाउ दे व्हिलानोव्हा हा त्या काळचा नामांकित वैद्य, माँपेलिएच्या विद्यापीठात शिकवणारा. ऊर्ध्वपातनाची, म्हणजे मद्य तापवून त्यातला तीव्र मद्यार्क वेगळा काढण्याची, विद्या अरबी ग्रंथांतून युरोपात पोचली होती. द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात मद्यार्क ओतला तर आंबणं थांबतं, हे दाखवण्याचं श्रेय परंपरा त्याला देते. साल सांगतात १२८५. आंबणं थांबण्याचं कारण साधं आहे. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क तयार करतं, पण मद्यार्काचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की ते स्वतःच तग धरत नाही. मग न खाल्लेली साखर रसात तशीच उरते. फ्रेंचमध्ये या क्रियेला ‘म्युताज’ म्हणतात, म्हणजे रसाला मुकं करणं. फसफसणारं पिंप गप्प होतं, म्हणून हा शब्द मला फार नेमका वाटतो.

अशा वाइनला फ्रान्समध्ये ‘नैसर्गिक गोड वाइन’ म्हणतात. बाहेरून मद्यार्क ओतायचा आणि वर नैसर्गिक म्हणायचं, हे अनेकांना खटकतं. मला नाव योग्य वाटतं, कारण गोडी खरोखर द्राक्षाचीच असते, वरून साखर घातलेली नसते. १८७२ आणि १८९८ च्या कायद्यांनी या वाइनची व्याख्या आणि कराची बाजू ठरवली. १९३६ मध्ये बान्युल्सला उगमस्थानाचं कायदेशीर संरक्षण मिळालं. १९६२ मध्ये ‘ग्राँ क्रू’ हा वरचा दर्जा आला. त्यासाठी किमान ७५ टक्के काळं ग्रेनाश द्राक्ष आणि ३० महिने लाकडी पिंपात मुरवण्याची अट आहे.

पण कायद्यापेक्षा मोठं काम तिथल्या शेतकऱ्यांनी केलंय. शिस्ट हा पापुद्र्यांचा, हातानं सुटणारा खडक. तोच रचून, कोकणातल्या गडग्यासारखे चुना-मातीशिवायचे बांध घालून, उभ्या चढावर पायऱ्या काढल्या आहेत. पावसाचं पाणी माती धुऊन नेऊ नये म्हणून तिरपे दगडी पाट काढलेत. वरून पाहिलं की ते कोंबड्याच्या पंजासारखे दिसतात आणि कातालानमध्ये त्यांचं नावही तेच आहे. अशा उतारावर यंत्र चालत नाही, द्राक्षं हातानंच खुडावी लागतात. खोल मुळांचं ग्रेनाश इथलं ऊन, दुष्काळ आणि उत्तरेचा बेफाम वारा सोसतं आणि भरपूर साखर धरतं. पीक मात्र थोडं येतं.

मुरवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘रिमाज’ लवकर बाटलीत भरतात. तिला चेरी आणि काळ्या बेरींचा ताजा वास असतो. जुन्या पद्धतीत वाइन वर्षानुवर्षं हवेच्या संगतीत ठेवतात, काही ठिकाणी तर पोटफुगीर काचेच्या बुधल्यांत भर उन्हात. तिचा लाल रंग विटेकडे झुकतो. वासात सुकं अंजीर, अक्रोड, कॉफी आणि संत्र्याची साल येते.

आता चॉकलेट. साधी कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, लाल वाइन त्याच्यापुढे आंबट आणि तुरट लागते. बान्युल्सची गोडी कोकोच्या कडूपणाला पेलते, आणि मुरलेल्या वाइनमधला भाजका वास कोकोच्या वासात मिसळून जातो. पदार्थ मात्र वाइनपेक्षा गोड नको. म्हणून दुधाळ चॉकलेटपेक्षा गडद चॉकलेटच घ्यावं. चेरी घातलेल्या केकला रिमाज, तर कॉफी, अक्रोड किंवा अंजिराच्या पदार्थांना जुनी वाइन शोभते. रॉकफोरसारखं निळं चीज हीही तितकीच चांगली जोडी: चीजचा खारटपणा गोडी उठून दिसायला लावतो. खुद्द फ्रान्समध्ये मात्र अशा गोड वाइन जेवणाआधी घ्यायचीच जुनी रीत आहे.

वाइन १४ ते १६ अंशांवर, लहान ग्लासात द्यावी. जुन्या पद्धतीची बाटली उघडल्यावर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली, तर कित्येक आठवडे टिकते. हवेची सवय तिला पिंपातच झालेली असते.