बॉल पायथनचा उपास आणि कॅलिफोर्नियात बंदी असलेला जर्बिल

कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला आमच्या मित्राच्या चौदा वर्षांच्या मुलाकडे एक बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर आहे, नाव गुंड्या, कारण घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःची घट्ट गुंडाळी करून बसतो, आणि या जातीला बॉल हे नाव पडलंय ते त्यामुळेच. तर हा गुंड्या घरी आला आणि अकरा आठवडे काहीच खाल्लं नाही. दर शनिवारी पोरगा एक उंदीर गरम करून चिमट्यात धरून समोर न्यायचा, गुंड्या दोनदा जीभ बाहेर काढायचा आणि तोंड फिरवायचा. मुलाची आई रडकुंडीला आली होती, म्हणाली भाऊजी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, या सापासाठी मी गॅरेजमध्ये वेगळा फ्रीजर घेतला आणि हा खातच नाही.

मी तेव्हापासून या विषयात शिरलोय आणि मला वाटतं साप पाळायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, कारण साप विकत घेताना आपण खरं तर दोन प्राणी घरात आणत असतो, एक साप आणि दुसरा त्याचं खाणं, आणि या दुसऱ्या प्राण्याचा विचार कोणीच करत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढू, की साप नखरे करतोय. लहान मूल भेंडी नको म्हणतं तसं हे नाहीये. १९८१ मध्ये स्टेव्हन अर्नोल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्याच गार्टर सापांवरचं काम छापलं, ते मला फार आवडतं. समुद्राकाठी राहणारे हे साप गोगलगाईसारख्या बिनशंखाच्या स्लग खातात, कारण तिथे दमट हवेत स्लग ढिगाने असतात. त्याच जातीचे आतल्या कोरड्या भागातले साप बेडूक आणि मासे खातात, तिथे स्लग नसतातच. अर्नोल्डनी दोन्हीकडच्या गाभण माद्या प्रयोगशाळेत आणल्या, पिल्लं जन्मल्यावर लगेच एकेकाला वेगळं ठेवलं म्हणजे आईकडून किंवा भावंडांकडून शिकायची सोयच नको, आणि रोज स्लगचा तुकडा पुढे ठेवला. काठावरची बहुतेक पिल्लं खाऊ लागली आणि आतल्या भागातली बहुतेक तशीच बसली. मग स्लगच्या वासात बुडवलेला कापूस त्यांच्या नाकासमोर धरून ती किती वेळा जीभ काढतात ते मोजलं, तिथेही तोच फरक. म्हणजे काय खायचं हे या सापांच्या रक्तात लिहिलेलं होतं, पहिला घास घ्यायच्या आधीच.

आता बॉल पायथन कुठला, तर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना टोगो बेनिनच्या गवताळ पट्ट्यातला. उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या जुन्या वारुळात राहतो, रात्री बाहेर पडतो किंवा बिळातच टपून बसतो. तिथे त्याच्या पुढ्यात येतात ते स्थानिक जर्बिल, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, आणि मॅस्टोमिस नावाचे मऊ केसांचे उंदीर. दुकानात मिळणारा पांढरा रॅट त्याच्या पूर्वजांनी कधी हुंगलेलाही नाही. नायजेरियात लुइसेली आणि अँजेलिची यांनी रानातल्या बॉल पायथननी काय खाल्लं ते तपासलं, १९९८ चा अभ्यास आहे, त्यात दिसलं की लहान साप आणि नर जास्त करून पक्षी खातात, आणि मोठ्या माद्या उंदीरवर्गातले प्राणी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बरं, अकरा आठवडे उपाशी राहून साप मरत का नाही? मॅकक्यू नावाच्या संशोधकाने २००७ मध्ये बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक अशा तीन प्रकारच्या सापांना जवळपास साडेपाच महिने उपाशी ठेवून मापं घेतली, तर सापांनी शरीराचा खर्च कमी करत आणला, काहींचा तर ७२ टक्क्यांपर्यंत खाली गेला, आणि गंमत म्हणजे उपाशी असतानाही त्यांची लांबी थोडी वाढली. तेव्हा अंगावर असलेला, वजन टिकवून असलेला साप महिना दोन महिने नाही जेवला तर घाबरायचं कारण नाही, वजनकाटा आणा आणि दर आठवड्याला ग्रॅममध्ये लिहून ठेवा. वजन झपाट्याने उतरायला लागलं, तोंडात फेस दिसला, श्वासाला आवाज यायला लागला तर मात्र थेट सापांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे.

तर गुंड्याचं काय करायचं म्हणून या पोराने सगळीकडे विचारलं आणि जुन्या जाणत्या लोकांनी एकच सांगितलं, जर्बिल दे, एका दिवसात खाईल. आणि सल्ला बरोबर आहे हो, रानातून आलेल्या पायथनला जर्बिलचा वास ओळखीचा वाटतो. पण कॅलिफोर्नियात जर्बिल ठेवायला बंदी आहे. हॅम्स्टर चालतो, गिनीपिग चालतो, पांढरा माउस आणि रॅट चालतो, पण जर्बिल नाही. तिथला नियम उलट्या बाजूने लिहिलेला आहे, म्हणजे उंदीरवर्गातले सगळेच प्राणी बंद आणि मोजक्या जाती तेवढ्या मोकळ्या. पोराचा पहिला प्रश्न होता, काका, एवढासा गोंडस प्राणी, त्याने काय बिघडणारे?

बिघडतं असं. पाळीव जर्बिल म्हणजे मंगोलियन जर्बिल, कोरड्या गवताळ मैदानातला, पाणी अगदी थोडं लागतं, जमिनीत बिळं करून टोळीने राहतो. अमेरिकेत हे आले १९५४ मध्ये, जपानमधून प्रयोगशाळेसाठी, अकरा जोड्या. आता कॅलिफोर्नियाचा आतला कोरडा भाग बघा, सॅन वाकीन खोरं बघा, हवा त्यांना अगदी घरच्यासारखी. दहा बारा सुटले आणि एकदा टोळी बसली तर शेतीचं नुकसान वेगळंच, पण त्या खोऱ्यात जायंट कांगारू रॅट नावाचा छोटा प्राणी आहे जो जगात कॅलिफोर्नियाबाहेर कुठेच नाही आणि १९८७ पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत आहे, त्याच्या बिळावर आणि बियांवर हा पाहुणा बसणार. मला हा नियम पटतो. शेजारच्या राज्यात सर्रास मिळतो म्हणून गाडीत घालून आणू असं त्या पोराच्या मित्राने सुचवलं होतं, तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणालो.

हवाई बेटांवर तर जर्बिल, हॅम्स्टर आणि साप तिन्ही बंद, साप सापडला तर २ लाख डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. एवढं कडक का ते ग्वाममध्ये काय झालं ते पाहिलं की कळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालातून ब्राउन ट्री स्नेक तिथे पोचला आणि बेटावरच्या १२ स्थानिक रानपाखरांपैकी १० जाती जंगलातून संपवल्या. आता तिथे या सापाला मारायला मेलेले उंदीरच वापरतात, प्रत्येकात ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची गोळी, हेलिकॉप्टरमधून कागदी फितीला बांधून टाकायचे म्हणजे झाडाच्या शेंड्यातच अडकतात. आपण तापाला घेतो तीच गोळी या सापाला मारते. २०१३ मध्ये असे २,००० उंदीर टाकले होते.

आता मॅस्टोमिसचं, म्हणजे मऊ केसांच्या आफ्रिकन उंदराचं, हौशी लोक त्याला एएसएफ म्हणतात. बॉल पायथनसाठी हा म्हणजे गावाकडची भाकरी. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत लोक घरी वाढवतात, पण आफ्रिकेतून नवीन आणता येत नाहीत, आणि त्यामागची घटना नीट माहीत असायला हवी. एप्रिल २००३ मध्ये घानाहून टेक्सासला साधारण ८०० छोट्या प्राण्यांचं एक शिपमेंट आलं, त्यात गॅम्बियन पाउच्ड रॅट होते, खारी होत्या, डॉर्माइस होते. त्यातले काही विक्रेत्याकडे प्रेअरी डॉगच्या, म्हणजे खारीच्या कुळातल्या बिळात राहणाऱ्या अमेरिकन प्राण्याच्या, शेजारी ठेवले गेले, प्रेअरी डॉगना मंकीपॉक्स झाला, ते लोकांनी पाळायला घरी नेले आणि सहा राज्यांत मिळून ४७ जणांना लागण झाली. कोणी दगावलं नाही हे नशीब. आफ्रिकेबाहेर माणसात मंकीपॉक्सची साथ पहिल्यांदा आली ती हीच. त्याच वर्षी जूनमध्ये आफ्रिकन उंदीरवर्गीय प्राणी आणायला बंदी आली, ती संशोधन वगैरे अपवाद सोडले तर अजून आहे. शिवाय मॅस्टोमिसचीच एक जात पश्चिम आफ्रिकेत लासा तापाचा विषाणू बाळगते, हा रोग १९६९ मध्ये नायजेरियातल्या लासा गावावरून ओळखला गेला. म्हणजे बघा, घानाहून साप कागदपत्रं करून येऊ शकतो, पण तिथे तो ज्या उंदरावर जगतो तो येऊ शकत नाही, आणि हे अगदी योग्य आहे, फक्त साप विकणाऱ्याने हे घेणाऱ्याला सांगायला पाहिजे. गुंड्या विकणाऱ्याने कॅप्टिव्ह ब्रेड, म्हणजे पाळलेल्या सापांपासून झालेला, म्हणून विकला होता, खरं तर तो आफ्रिकेतल्या फार्मवर, रानातून धरलेल्या मादीच्या अंड्यातून निघालेला, असे दरवर्षी हजारोंनी येतात. पिढ्यानपिढ्या रॅटवर वाढलेल्या सापाचं पिल्लू घेतलं असतं तर हा प्रश्न बहुतेक आलाच नसता. म्हणून घ्यायच्या आधी सांगा की माझ्यासमोर एकदा खाऊन दाखवू दे, फ्रोझन थॉ केलेला, म्हणजे गोठवून परत वितळवलेला रॅट, चांगला विक्रेता नाही म्हणत नाही.

जिवंत उंदीर घालू नका. पिंजऱ्यात कोंडलेला रॅट सापाचा पाठीचा कणा दिसेपर्यंत चावे घेतो, आणि उंदराचेही हाल कशाला करायचे. फ्रोझन मिळतात, पिंकी म्हणजे केस न आलेलं पिल्लू, मग फझी, मग हॉपर, असे साइजप्रमाणे, सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा घ्यायचा. पण गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फ्रोझन उंदरांमुळे माणसांना, त्यातही लहान मुलांना साल्मोनेला झालेला आहे, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर नाही, वेगळं भांडं, वेगळा चिमटा आणि साबणाने हात.

आता गरम का करायचा. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर छोटे खड्डे असतात, त्यातून त्याला उष्णता कळते, अंधारात उंदराची गरम आकृती कळते. या खड्ड्यात काम करणारं प्रोटीन २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधलं, नाव टीआरपीए१, आणि हेच प्रोटीन आपल्यातही आहे, फेसलेल्या मोहरीचा झणका नाकातून डोक्यात जातो ना, तो याच्यामुळे. आपल्याकडे जे मोहरी ओळखतं ते अजगराकडे ऊब ओळखतं. ज्युलियसना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, तापमान जाणवणाऱ्या प्रोटीनच्या कामासाठी. म्हणून थंड उंदीर सापाला दगडासारखा, आणि उंदीर ३८ ते ४० अंश असला, त्यातही डोकं जास्त गरम, की तो जिवंत. दुसरी खूण वासाची, जिभेने हवेतले कण गोळा करून टाळूतल्या जेकबसन ऑर्गनला, म्हणजे वास ओळखणाऱ्या अवयवाला, नेऊन लावायचे. ऊब आणि वास दोन्ही जुळले की हल्ला.

ऊब आमच्याकडे होती, वास नव्हता, आणि वासाचा कायदेशीर मार्ग त्या नायजेरियाच्या अभ्यासात होता. गुंड्या नर, अजून लहान, म्हणजे रानात पक्षी खाणारा. पक्षी कुठे बंद आहेत? फ्रोझन एक दिवसाची कोंबडीची पिल्लं मिळतात. एक आणलं, थॉ केलं आणि बेचाळीस ग्रॅमच्या रॅटच्या नाकावर, डोक्यावर त्याची पिवळी लव चोळली, चार पिसं ओल्या नाकाला चिकटलीसुद्धा. रॅट बंद पिशवीत गरम पाण्यात ठेवला होता, टेंपरेचर गनने डोकं ३९ दाखवत होतं. दिवे बंद, टाकीच्या वरच्या काचेवर टॉवेल, पोराने लांब चिमटा आत घातला आणि हलवला नाही, नुसता धरला. गुंड्याची जीभ आधी सावकाश, मग भरभर, मान हळूच इंग्रजी एससारखी आखडली, आणि पुढचं आम्हाला दिसलंच नाही, नुसता ठप्प आवाज आणि रॅटभोवती तीन विळखे. पोरगा कुजबुजला, काका हलू नका. वीस मिनिटांनी शेपूट आत गेली.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी वेगळं सांगतो. आपले देशी साप, धामण असो की अजगर, पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यात हौसेला जागाच नाही. बॉल पायथन परदेशी, पण साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी घरी असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पिल्लं झाली, विकला, मेला तरी कळवावं लागतं. बँकॉकहून बिस्किटांच्या पुड्यात लपवून आणलेले बॉल पायथन मुंबई विमानतळावर पकडले गेलेत, अशा सापाची ना कागदं असतात ना तो काय खायचा याची माहिती, घेऊ नका. आणि कोणाकडे कायदेशीर साप असेलच तर घरात पिंजऱ्यात सापडलेला उंदीर त्याला घालू नका, त्याने आदल्या दिवशी शेजारच्यांचं उंदराचं औषध खाल्लेलं असू शकतं आणि ते सापाच्या पोटात जातं, शिवाय पावसाळ्यात तो उंदीर हाताळताना लेप्टोचा धोका तुम्हालाच.

गुंड्याच्या वहीत त्यानंतर नऊ नोंदी आहेत. पहिल्या तीन वेळा लव नाकावर आणि डोक्यावर, मग फक्त नाकावर, मग नुसतं एक पीस, सातव्या वेळी पोराने काहीच लावलं नाही, गुंड्याने पाच मिनिटं विचार केला आणि घेतला. मध्ये कात टाकायच्या वेळी एकदा नाही म्हणाला, तेही लिहिलंय, आणि समोर वजन, ६३८ ग्रॅम.