कारमोडी, इसोबेल

कारमोडी, इसोबेल : (१६ जून १९५८ – ). ऑस्ट्रेलियन कादंबरीकार व कथालेखिका. किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्यांमुळे प्रसिद्ध. जन्म व्हिक्टोरिया राज्यातील वँगारॅटा या गावी. आठ भावंडांत त्या थोरल्या. वडील लवकर गेले. धाकट्यांना सांभाळण्याचे काम ओघानेच थोरलीकडे आले आणि त्यांना गुंतवून ठेवण्यासाठी गोष्टी रचून सांगण्याची सवय तिथेच लागली.

चौदाव्या वर्षी त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली. शिक्षण झाले, साहित्य आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवी झाली, पत्रकारितेत उमेदवारी झाली, आणि या सगळ्या काळात तेच हस्तलिखित पुन्हा पुन्हा लिहिले गेले. १९८७ मध्ये पेंग्विन या प्रकाशनसंस्थेने ते ‘ओबरन्यूटिन’ या नावाने छापले. त्या पुस्तकातून सुरू झालेल्या मालिकेचा सातवा व अखेरचा भाग २०१५ मध्ये आला, तेव्हा लेखिका ५७ वर्षांच्या होत्या. शाळकरी वयात मनात आलेली एक मुलगी, म्हणजे मालिकेची नायिका एल्स्पेथ, लेखिकेच्या सोबत चार दशकांहून अधिक काळ राहिली. कारमोडी यांची कारकीर्द समजून घ्यायची तर हा धागा आधी हातात धरावा लागतो. त्यांचे बाकीचे लेखन याच दीर्घ प्रवासाच्या थांब्यांवर झालेले आहे.

‘ओबरन्यूटिन’चे जग अणुसंहारानंतरचे आहे. ‘ग्रेट व्हाइट’ नावाच्या महाविनाशाने जुने जग संपले. उरलेल्या भूभागावर कौन्सिलची सत्ता आहे आणि तिच्या जोडीला हर्डर नावाचा धर्मपंथ. किरणोत्साराच्या परिणामामुळे काही मुले वेगळ्या मानसिक शक्ती घेऊन जन्मतात. त्यांना ‘मिसफिट’ ठरवून जाळले जाते किंवा दूर धाडले जाते. नायिका एल्स्पेथ गॉर्डी हिच्या आईवडिलांना राजद्रोहाच्या आरोपावरून जाळण्यात आले आहे. ती आणि तिचा भाऊ जेस अनाथगृहात वाढतात. एल्स्पेथला दुसऱ्यांच्या मनातले ऐकू येते, ती जनावरांशी बोलू शकते, आणि हे कोणाला कळू न देणे हाच तिचा दिनक्रम असतो. पुढे तिची रवानगी डोंगरातल्या ओबरन्यूटिन या जागी होते.

ही कल्पना ऑस्ट्रेलियात रुजणे स्वाभाविक होते. ब्रिटनने १९५२ पासून मॉन्टे बेलो बेटे, एमू फील्ड आणि मारालिंगा येथे अणुचाचण्या केल्या, त्या ऑस्ट्रेलियाच्याच भूमीवर. कारमोडी लिहू लागल्या त्या सुमारास फ्रान्स प्रशांत महासागरात उघड्या वातावरणात स्फोट करत होता आणि १९७३ मध्ये ऑस्ट्रेलिया त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पुस्तक छापून आले ते चेर्नोबिल येथील अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतरच्या वर्षी. त्या काळच्या मुलांना अणुयुद्ध ही पुस्तकातली गोष्ट वाटत नव्हती. ते उद्या होईल अशी धास्ती होती. म्हणूनच एल्स्पेथच्या वाट्याला आलेले काम लक्षात राहते. जुन्या जगाची संहारक यंत्रे अजून शाबूत आहेत, ती शोधून निकामी करायची आहेत, आणि ती पुन्हा जागी करू शकणारा दुसरा कोणी तिच्याआधी तिथे पोचता कामा नये. राज्य परत मिळवणे किंवा गादीवर बसणे हा तिच्या प्रवासाचा हेतूच नाही. अद्भुत कादंबरीच्या रूढ साच्यापासून ही मालिका इथे वेगळी होते. एल्स्पेथच्या स्वतःच्या मनातही जीव घेण्याइतकी शक्ती आहे आणि ती वापरण्याचे भय तिला अखेरपर्यंत सोडत नाही.

मालिकेचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे तिच्यातली जनावरे. मारुमान हा एकाक्ष, तिरसट बोका आणि गाल्था हा काळा घोडा ही एल्स्पेथच्या बरोबरीची पात्रे आहेत. जनावरांना त्यांचा स्वतःचा इतिहास आहे, भविष्यवाणी आहे, आणि माणसांसाठी त्यांनी ठेवलेला ‘फुनागा’ हा शब्द ऐकला की त्यातला राग जाणवतो. ओबरन्यूटिनमध्ये मिसफिटांची वस्ती उभी राहते तेव्हा निर्णयाच्या बैठकीत जनावरांचाही प्रतिनिधी असतो. पंचतंत्रापासून बोलणारी जनावरे आपल्याला नवी नाहीत, पण तिथे ती बहुधा माणसाच्याच स्वभावाचे मुखवटे असतात. कारमोडी यांचा घोडा घोडाच राहतो, आणि पाठीवर खोगीर घ्यायचे की नाही हे त्याला विचारावे लागते.

त्यांच्या शब्दघडणीकडेही लक्ष द्यायला हवे. दूरच्या मनाशी संपर्क साधणारा तो ‘फारसीकर’ (फार म्हणजे दूर, सीकर म्हणजे शोधणारा), पुढचे सांगणारा ‘फ्यूचरटेलर’, संहारापूर्वीचा काळ म्हणजे ‘बिफोरटाइम’. पोरांच्या बोलण्यात सहज घडावेत असे हे साध्या शब्दांचे जोड आहेत. मराठीत ‘दूरसंवेदक’ किंवा ‘पूर्वकाळ’ म्हटले की अर्थ येतो, पण अनाथगृहातल्या मुलांच्या तोंडचा तो साधेपणा हरवतो. या मालिकेला कधी मराठी अनुवादक लाभला, तर त्याची खरी परीक्षा इथे होईल.

भागांच्या प्रकाशनवर्षांवर नजर टाकली की वाचकांच्या संयमाची कल्पना येते. ‘द फारसीकर्स’ (१९९०), ‘अ‍ॅशलिंग’ (१९९५), ‘द कीपिंग प्लेस’ (१९९९), मग तब्बल नऊ वर्षांनी ‘द स्टोन की’ (२००८), ‘द सेंडिंग’ (२०११) आणि ‘द रेड क्वीन’ (२०१५). ‘द सेंडिंग’ने कथा संपेल अशी अपेक्षा होती, मजकूर वाढत गेला आणि त्याची दोन पुस्तके झाली. अखेरचा भाग हजाराहून अधिक पानांचा आहे. अमेरिकी आवृत्तीत जाड भाग मोडून दोन पुस्तके करावी लागली. पहिला भाग बाराव्या वर्षी वाचलेली मुलगी शेवटचा भाग हातात घेताना चाळिशीला आली होती, आणि तिच्या घरात तेच पहिले पुस्तक वाचणारे मूल असणे अगदी शक्य होते. इतक्या लांबलेल्या मालिकेत विस्कळीतपणा येणारच. मधल्या भागांत प्रवास आणि मसलती पसरट झाल्या आहेत. तरी एल्स्पेथचा आवाज सातही भागांत एकच राहतो, आणि या काळात लेखिकेचे वय किती बदलले हे पाहता ही मोठी गोष्ट आहे.

मालिकेबाहेरची सर्वांत महत्त्वाची कादंबरी म्हणजे ‘द गॅदरिंग’ (१९९३). चेशंट नावाच्या काल्पनिक उपनगरात नथॅनियल हा मुलगा आईबरोबर राहायला येतो. कत्तलखान्याचा वास हवेत भरून राहिलेला, शाळेत शिस्तीच्या नावाखाली चाललेली मुलांची टोळी, आणि सगळे ठीक आहे असे मानणारे मोठे. काही मोजकी मुले मिळून या दुष्टतेला भिडतात. शिस्त आणि एकजूट हे शब्द किती सहज जुलमाच्या कामी येतात, हे या कादंबरीत फार नेमके आले आहे. वर्गात चर्चेला घ्यावी अशीच ती आहे. तिला १९९३ चे बालसाहित्य शांतता पारितोषिक आणि चिल्ड्रन्स बुक कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलियाचा १९९४ चा मोठ्या मुलांच्या गटातील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. दोन्ही पुरस्कार विभागून होते. ‘अ‍ॅलिझॉन व्हाइटस्टार’ (२००५) ही कादंबरीही वाचण्यासारखी आहे. डोक्याला मार लागल्यानंतर तिच्या नायिकेची ज्ञानेंद्रिये इतकी तीव्र होतात की माणसांचा स्वभाव तिला वासातून कळू लागतो. या कादंबरीला ऑस्ट्रेलियातील अद्भुत व विज्ञानकथांसाठीच्या ऑरिअ‍ॅलिस पुरस्कारांपैकी ‘गोल्डन ऑरिअ‍ॅलिस’ लाभला.

लहान मुलांसाठी लिहिताना कारमोडी स्वतः चित्रेही काढतात. ‘लिटल फर’ या चार पुस्तकांच्या मालिकेत शहराच्या पोटात लपलेल्या रानात राहणारी, अर्धी एल्फ आणि अर्धी ट्रोल (युरोपीय लोककथांतले अद्भुत जीव) अशी चिमुकली नायिका आहे. ‘द रेड विंड’ (२०१०) मध्ये बिली आणि झ्लुटी या दोन भावांचे वाळवंटातले घर लाल वादळात उद्ध्वस्त होते. या पुस्तकाने २०११ मध्ये चिल्ड्रन्स बुक कौन्सिलचाच लहान मुलांच्या गटातील पुरस्कार मिळवला. ‘ग्रीन मंकी ड्रीम्स’ (१९९६) आणि ‘मेट्रो विंड्स’ (२०१२) हे त्यांचे कथासंग्रह. दुसरा प्रौढ वाचकांकडे झुकलेला. अनेक वर्षे त्या व्हिक्टोरियातील ग्रेट ओशन रोडचा किनारा आणि प्राग शहर या दोन ठिकाणी आलटूनपालटून राहत होत्या. ‘मेट्रो विंड्स’मधील युरोपीय शहरांचे वातावरण त्या वास्तव्याचे ऋणी आहे.

‘लेजेंडसाँग’ ही त्यांची दुसरी मोठी योजना. ग्लिन आणि एम्बर या जुळ्या बहिणी आपल्या जगातून केल्टॉर नावाच्या जलमय जगात जाऊन पडतात. एम्बरला जीवघेणा आजार आहे. ‘डार्कफॉल’ १९९७ मध्ये आणि ‘डार्कसाँग’ २००२ मध्ये आले. त्यानंतर ओबरन्यूटिनचे उरलेले भाग आधी पुरे होत गेले, आणि ‘डार्कबेन’ या तिसऱ्या भागाची वाट वाचक दीर्घकाळ पाहत राहिले.