व्हिसाची तारीख वेगळी, मुक्कामाची तारीख वेगळी

टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठंही जा. घरातलं कुणी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेत असलं की हा प्रश्न ठरलेला: ‘काका, पासपोर्टवरचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, पोराला परत यावं लागणार का?’ नाही. पण ज्या तारखेची खरी काळजी करायची, ती घरात सहसा कुणी बघितलेलीच नसते.

पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा, ज्याला सगळे स्टॅम्प म्हणतात, तो अमेरिकेची वकिलात देते. त्याच्या मुदतीत तिथल्या विमानतळावर उतरून प्रवेश मागता येतो, एवढंच त्याचं काम. आत किती दिवस राहायचं ते ठरतं आय-९४ या नोंदीवर. इमिग्रेशनचा अधिकारी प्रवेश देताना ती करतो. विमानतळावर तिचा कागद सहसा मिळत नाही. सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा आणि कस्टम्स खात्याच्या, संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्यावी लागते. म्हणूनच ती नजरेआड राहते.

तेव्हा स्टॅम्प संपला, पण आय-९४ चालू आहे आणि नोकरी मंजुरीप्रमाणे सुरू आहे, तर तिथं राहणं आणि काम करणं कायदेशीर. स्टॅम्प शिल्लक आणि आय-९४ संपलेला, हे मात्र धोक्याचं.

आणि हे बऱ्याचदा पासपोर्टमुळं होतं. समजा कंपनीची मंजुरी, म्हणजे आय-७९७, २०२८ पर्यंत आहे, पण पासपोर्ट मार्च २०२७ ला संपतोय. अधिकारी आय-९४ मार्चपर्यंतच देऊ शकतो. नंतर तिथं नवा पासपोर्ट काढला तरी ही तारीख आपोआप पुढं सरकत नाही. मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर देशाबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. गणपतीला घरी आलेल्या मुलाला आईवडिलांनी हे आवर्जून विचारावं. जुन्या पासपोर्टातला चालू व्हिसा नव्या पासपोर्टासोबत चालतो, दोन्ही जवळ ठेवायचे. परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात आय-९४ उतरवून तारीख तपासायची. नोंद चुकीची असेल तर सीबीपीच्या कार्यालयातून दुरुस्त करून घेता येते.

दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. तारीख उलटून राहिलं तर असलेला व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर १० वर्षं.

स्टॅम्प संपल्याची अडचण येते ती प्रवासात. लग्नाला बेळगावला आलात की परत जाण्याआधी वकिलातीत नवा स्टॅम्प घ्यावा लागतो. मुलाखतीची तारीख हातात नसताना परतीचं तिकीट काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोकरी गेली तर? जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. पण आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. इथंही स्टॅम्पवरची तारीख कामाची नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बायको-मुलांच्या बाबतीत. एच-४वरच्या, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावरच्या, प्रत्येकाचा आय-९४ स्वतंत्र असतो. नवऱ्याची मुदत कंपनीने वाढवून घेतली म्हणून सुनेची वाढली, असं होत नाही. तिच्यासाठी आय-५३९ हा वेगळा अर्ज तिची तारीख संपायच्या आत जावा लागतो. कंपनीचा वकील तो भरतोय की नाही, हे मुलाने लेखी विचारून घ्यावं.