कामगंध सापळ्यातले पतंग मोजताना
(कापूस उत्पादक ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गुलाबी बोंडअळीचे सापळे आमच्याकडून नेलेले बरेच शेतकरी आठवड्याने येऊन विचारतात, "पिशवीत तीस पतंग निघाले, फवारू का?" नुसत्या तिसावरून काही सांगता येत नाही. किती सापळ्यांत आणि किती रात्रींत, हे कळलं तरच त्या आकड्याला अर्थ.

गुलाबी बोंडअळीच्या ल्यूरला, म्हणजे सापळ्यात बसवायच्या आमिषाला, मादीचा वास असतो, म्हणून सापळ्यात येतात ते फक्त नर. शेतात एकूण पतंग किती, हे सापळा सांगत नाही. कालच्यापेक्षा वाढले की घटले, एवढंच सांगतो. ताडोबात कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून एकेक वाघ त्याच्या पट्ट्यांनी ओळखतात आणि तेच वाघ पुन्हा किती वेळा दिसले, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. पतंगांच्या बाबतीत शेतकऱ्याला ती सोय नाही. म्हणून सापळे तेवढेच, उंची तीच आणि मोजणी रोजची ठेवायची. यातलं काही बदललं, की आजच्या आकड्याची कालच्याशी तुलना होत नाही.

देखरेखीला हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे पुरतात. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा. पऱ्हाटी वाढेल तसा सापळाही वर घ्या. सकाळी मोजून पिशवी रिकामी करा. दर सापळ्याला रात्री ८ पतंग, असं सलग ३ रात्री झालं, की आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा विचार करण्याइतकी कीड, गाठली. तीन दिवसांनी एकदम २४ मोजले तरी सरासरी ८च येते, पण ते सगळे एकाच रात्रीचे असू शकतात.

जोराच्या पावसात पतंग कमी उडतात. ल्यूर जुनी झाली तरी आकडा घसरतो, त्यामुळे कीड गेली असं समजण्याआधी पाकिटावरची मुदत बघा. आणि दुसऱ्या किडीची ल्यूर हाताळलेल्या हाताने ही बसवू नका.

सापळे आम्हीच विकतो, तरी सांगतो: फवारणी एकट्या सापळ्याच्या भरवशावर ठरवू नका, बोंडं फोडा. बारीक अळी आत शिरली की छिद्र बुजतं आणि बोंड वरून निरोगी दिसतं. एकरभर नागमोडी फिरा, झाड न निवडता २० हिरवी बोंडं तोडा. दोनांत जिवंत अळी निघाली तर प्रादुर्भाव १० टक्के, म्हणजे फवारणीची वेळ. फुलांतही डोमकळ्या (अळीमुळे पाकळ्या चिकटून न उमललेली फुलं) १० टक्क्यांवर गेल्या तर तेच. वीसच्या वीस बोंडं बांधालगतची घेऊ नका. कीड शेतभर सारखी पसरलेली नसते. जुन्या पऱ्हाटीचा ढीग किंवा जिनिंग जवळ असेल तर त्या कडेला जास्त सापडते.

एकही पतंग आला नाही तरी वहीत शून्य लिहा. रकाना कोरा राहिला, तर पतंग नव्हते की मोजलेच नाहीत, हे नंतर कळत नाही. औषधाला याल तेव्हा ती वही सोबत आणा; आकडे बघूनच काय द्यायचं ते सांगू, आणि गरज नसेल तर तसंही सांगू.