चौथी सीट, दारातले ग्रुप आणि विरार फास्ट: लोकलचे नियम कुठून आले

लोकलच्या गर्दीचा विषय निघाला की लोक दोन टोकं गाठतात, एकतर 'मुंबईकरांचं स्पिरिट' नाहीतर 'आपल्या लोकांना शिस्तच नाही'. मला दोन्ही पटत नाहीत. लोकलमध्ये शिस्त भरपूर आहे, पण ती प्रवाशांनी आपली आपण बसवलेली आहे, आणि ती अशीच का बसली हे कळायला गाडी कशी बांधली आणि शहर कसं वाढलं तिथपासून सुरुवात करावी लागते.

१८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. गर्दीच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचं वर्ष वाटतं १८६७, कारण त्या वर्षी विरार ते बॅकबे (आजच्या चर्चगेटजवळ) अशी गाडी सुरू झाली, सकाळी मुंबईकडे येणारी आणि संध्याकाळी परत जाणारी. रोज एकच फेरी. पण सकाळी सगळे दक्षिणेला, संध्याकाळी सगळे उत्तरेला हा साचा तेव्हाच पडला आणि आजपर्यंत तो मोडलेला नाही. बायकांसाठी वेगळा डबा सुद्धा त्याच काळातला, म्हणजे लेडीज डबा ही काही हल्लीची सवलत नाहीये.

विजेची लोकल आली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला हार्बर मार्गावर, चार डब्यांची. पश्चिमेला १९२८ मध्ये बोरीवलीपर्यंत. तेव्हा गिरणी कामगार गिरणगावातच, चालत जाण्याच्या अंतरावर राहायचे, त्यामुळे रोज लोकलने येणारा माणूस म्हणजे मुख्यतः ऑफिसात काम करणारा. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं, १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द उत्तरेला वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, घरं तिकडे गेली आणि ऑफिसं मात्र फोर्टातच, उलट साठ-सत्तरच्या दशकात समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे टॉवर उभे केले म्हणजे नोकऱ्या अजूनच टोकाला नेऊन ठेवल्या. नवी मुंबईसाठी सिडको १९७० ला स्थापन झाली पण मानखुर्द-वाशी लोकल यायला १९९२ उजाडलं. बावीस वर्षं! एवढ्या काळात लोकांनी डोंबिवली, कल्याण, वसई, विरारला घरं घेऊन टाकली होती, ती काय रिकामी करून वाशीला येणार?

गाडी लांब होत गेली पण कायम उशिराच. साठच्या दशकात नऊ डबे, १९८६ पासून बारा, २००९ पासून पंधरा आणि पंधरावाल्या अजूनही मोजक्याच. रेल्वेच्या हिशोबात एक शब्द आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड', म्हणजे उभ्या जागेत एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. घरातल्या फरशीवर एक मीटर बाय एक मीटरची खूण करून बघा म्हणजे कळेल, त्यात पाच-सहा माणसं उभी करतानाच अंगाला अंग लागतं.

तर एवढ्या जागेत, स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबणाऱ्या गाडीत जे नियम तयार झाले ते असे.

चौथी सीट. बाक तीन माणसांचा, पण चौथ्याने "काका, जरा सरकता का" म्हटलं की तिघांनी सरकायचं, चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो, एक पाय पॅसेजमध्ये. त्यासाठी कुठलाही कागद नाही, बोर्ड नाही, आणि नवीन माणूस सरकला नाही तर समोरचाच त्याला सांगतो. दोन बाकांच्या मध्ये जे उभे असतात त्यांचा रिकाम्या होणाऱ्या सीटवर पहिला हक्क, पॅसेजमधल्याने घुसायचं नाही. आणि सीटचं बुकिंग तोंडी होतं, "ताई, कुठे उतरणार?" "घाटकोपर." "मग मला द्या हं." एवढं झालं की ती सीट तिची, मध्ये कितीही जणी आल्या तरी बसलेली बाई उठताना हाताने दाखवते की हिला दिलीय. लेडीज डब्यात हा व्यवहार मी इतक्या वेळा बघितलाय आणि दर वेळी वाटतं की एवढ्या घुसमटीत दिलेला शब्द पाळणं ही साधी गोष्ट नाही. त्याच बाया संध्याकाळच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत असतात कारण घरी पोचल्यावर लगेच कुकर लावायचा असतो. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरीवली लेडीज स्पेशल सुरू झाली, म्हणजे एकेका डब्यात मावत नव्हत्या इतक्या बायका तोपर्यंत नोकरीला बाहेर पडल्या होत्या.

दाराचा नियम हा वीस सेकंदांमुळे. दादरला उतरायचं तर आधीच्या स्टेशनपासून दाराशी रांग लागते, "दादर का?" असं पुढच्याला विचारायचं, हो म्हणाला तर त्याच्या मागे राहायचं, नाही म्हणाला तर जागा बदलून पुढे व्हायचं. फलाट कुठल्या बाजूला येणार हे पाठ असावं लागतं. सॅक पोटावर घ्यायची. हे ज्याला माहीत नाही तो दादरला उतरायचा तो माटुंग्याला उतरतो, किंवा त्याला उतरायचं नसताना लोंढ्याबरोबर फलाटावर येतो.

इथपर्यंत मला या नियमांचं कौतुकच आहे. पण याच मुळातून आलेली दुसरी गोष्ट आहे जिला लोक 'लोकलची संस्कृती' म्हणून झाकतात आणि त्याचा मला राग येतो. विरार फास्टमध्ये बोरीवलीवाल्याला चढू द्यायचं नाही, कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत ठाण्याच्या माणसाला दारातच अडवायचं, चुकून चढलाच तर उतरू द्यायचं नाही, शिव्या, कधी मारहाण. यामागे कारण आहे हे खरं. बोरीवलीच्या पुढे विरारपर्यंत कित्येक वर्षं दोनच रूळ होते, चौपदरीकरण पूर्ण झालं २००७ च्या सुमारास, त्यामुळे विरारवाल्याला गाड्यांचे पर्याय कमी आणि बोरीवलीवाल्याला भरपूर, तर 'आमची गाडी' ही भावना तिथून आली. कर्जत-कसाऱ्याला तर आजही एक गाडी गेली की पुढची कधी ते बघत बसावं लागतं. कारण समजतं, पण दारात ग्रुपने उभं राहून एकट्यादुकट्याला अडवणं हे कारणात बसत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १५५ नुसार दुसऱ्या प्रवाशाला डब्यात चढायला अडवणं हा गुन्हा आहे, पण दंड फक्त दोनशे रुपयांपर्यंत, त्याला कोण भितो. वर हेच ग्रुप दसऱ्याला डबा सजवतात, आजारी पडलेल्या मेंबरच्या घरी जातात, भजनं म्हणतात. एकच ग्रुप दोन्ही करतो म्हणून तर हे सोडवायला कठीण आहे.

आणि या सगळ्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली जाते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, तिथे कोणाच्या शिस्तीचा प्रश्नच नव्हता, गिरण्यांच्या जागी ऑफिसं झाली आणि पूल तेवढाच राहिला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, चार जणांचा जीव त्याच दिवशी गेला. पाठीवरच्या बॅगा एकमेकांना घासल्या असं तेव्हा सांगण्यात आलं. म्हणजे सॅक पुढे घ्यायचा नियम लटकणाऱ्याला लागूच करता येत नाही, कारण त्याला एका हाताने दांडा धरायचा असतो आणि पोटाशी आधीच दुसरा माणूस असतो.

त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं लावणार, आत हवा येत राहील अशी सोय करून. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावतेय आणि तिथे आपण बघतोच, दारात माणूस अडकला की दार लागत नाही, दार लागल्याशिवाय गाडी सुटत नाही आणि मागच्या गाड्या रखडतात. त्यामुळे दारं बंद करायची तर आधी फेऱ्या वाढायला हव्यात आणि ऑफिसच्या वेळा मागेपुढे व्हायला हव्यात. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये शेकडो ऑफिसांना तशी पत्रं पाठवली होती, ऐकलं अगदी थोड्यांनी. कल्याणच्या पुढचा माणूस सकाळी ज्या गाडीला लटकतो ती गाडी निवडायचं त्याच्या हातात नसतं, ते त्याच्या मस्टरच्या वेळेवर ठरतं, आणि ती वेळ ठरवणारे साहेब बहुतेक गाडीने येत नाहीत.