चार्जरवरचा चौकोनात चौकोन

'टू पिनचा चार्जर आहे, अर्थिंगच नाही, म्हणजे डेंजर' हे वाक्य सारखं ऐकू येतं म्हणून लिहितोय. उत्तर खरं तर चार्जरवरच छापलेलं असतं, फक्त शब्दांत नसतं. एकच चार्जर कितीतरी देशांत विकायचा तर किती भाषांत लिहिणार, म्हणून चिन्हं. घराच्या चित्रात बाण म्हणजे फक्त घरात वापरा, फुली मारलेला डबा म्हणजे नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. पण ही चिन्हं आपल्याला कोणी शिकवतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

चौकोनात चौकोन म्हणजे क्लास टू, डबल इन्सुलेशन. इस्त्री, गीझर, फ्रीजला धातूची बॉडी असते, फेजची वायर सुटून बॉडीला लागली तर करंट अर्थिंगमधून जोरात वाहतो आणि एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, म्हणून तिथे तिसरी पिन हवीच (ती मोडून टू पिनमध्ये घुसवणाऱ्यांनी कृपया हे परत वाचा). क्लास टूमध्ये वेगळी युक्ती आहे, २३० व्होल्ट आणि तुमचा हात यांच्यात इन्सुलेशनचे दोन थर किंवा तेवढाच दणकट एक थर, म्हणजे एक थर फाटला तरी दुसरा आहे, अर्थिंगची गरजच नाही.

मग मेटल बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हलकं बोट फिरवलं की झिणझिण्या का येतात? हा माझा सगळ्यात आवडता भाग. चार्जरमधला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, त्याचा इलेक्ट्रिकल गोंगाट ट्रान्सफॉर्मर ओलांडून आउटपुटला जातो आणि त्याला परत यायला वाट हवी, म्हणून इनपुट आणि आउटपुट या दोन्ही बाजूंमध्ये एक छोटा वाय कपॅसिटर (अशा जागेसाठीच बनवलेला सुरक्षित कपॅसिटर) मुद्दाम लावतात. पण कपॅसिटर ५० हर्ट्झलाही, म्हणजे घरातल्या विजेलाही, थोडी वाट देतो आणि तोच बारीक करंट मेटल बॉडीतून बोटाला जाणवतो. करंट म्हणजे व्होल्टेज गुणिले २π गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले कपॅसिटन्स, २.२ नॅनोफॅरड धरले तर जास्तीत जास्त ०.१६ मिलीअँपिअर. घरातला आरसीसीबी (करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच) साधारण ३० मिलीअँपिअरला पडतो, त्यापुढे हे काहीच नाही. शिवाय वाय कपॅसिटर असा बनवतात की बिघडला तरी शॉर्ट न होता ओपन व्हावा, म्हणजे वाट तुटावी, एवढा विचार त्या मटाराएवढ्या तुकड्यात आहे!

या झिणझिण्यांना 'रेडिएशन' म्हणून वर अँटी-रेडिएशन स्टिकर विकतात ती निव्वळ फसवणूक आहे, स्टिकरचा या करंटशी काहीही संबंध नाही.

मात्र झिणझिण्या सोडून खाडकन झटका बसला तर तो चार्जर लगेच बंद करा. नकली चार्जरवरही चौकोनात चौकोन छापता येतो, आत मात्र दोन्ही बाजूंमधलं अंतर नको तितकं कमी असतं, वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर असू शकतो. म्हणून विकत घेताना आयएस म्हणजे भारतीय मानकाच्या नंबराजवळ (उदा. आयएस १३२५२) इंग्रजी R ने सुरू होणारा नंबर बघा आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर ॲपमध्ये टाकून तपासा, कंपनीचं नाव तिथे दिसतं.